कोठीवाल्याचं नाक

देव माणसाला देताना हात आखडता घेतो म्हणतात. तेलकोठीवाल्याच्या बाबतीतही त्याने तो घेतलाच होता. उंची बेताची, शिक्षण बेताचं, बोलणं तर त्याहून बेताचं. फक्त नाकापाशी आल्यावर देवाचा हात सैल सुटला. शेजारच्या घरी आज ताजं शिजलंय की कालचंच गरम केलंय, हे तो आपल्या पायरीवर बसल्या बसल्या सांगायचा, आणि म्हणून शेजारीण त्याच्याशी कधी धड बोलली नाही.

त्याची नोकरी गॅसच्या लाइनवर होती. जमिनीखालच्या पाइपातून लांबून आलेल्या गॅसचा दाब वाटेत कमी होतो, तो वाढवून गॅस पुढे ढकलायला ठिकठिकाणी केंद्रं असतात, तसं ते एक केंद्र. मधोमध यंत्रघर, त्यात धडधडणारी अवजड यंत्रं, आणि आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, मुद्दाम दूर, वाळीत टाकल्यासारखी तेलकोठी. पेटू शकेल असं जे जे केंद्रावर लागतं ते सगळं तिथे. वंगणाची पिंपं, डिझेल, रंग, थिनर, यंत्रांचे भाग धुवायचं तेल, तेलकट चिंध्या. भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचं, मांडण्या लोखंडी. लाकडाचा तुकडा औषधालाही नाही. बसायचं स्टूलसुद्धा लोखंडी, थंडीत जीव नकोसा करणारं. चिंध्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा, कारण तेल प्यायलेल्या चिंध्या उघड्यावर ढीग करून टाकल्या तर कुणी काडी न लावताही आतल्या आत तापतात. "घरात रुसून बसलेल्या माणसासारख्या," असं तो म्हणायचा. हा एवढा एकच विनोद त्याला येत होता आणि तो त्याने आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला.

यंत्रघराचा नियम सरळ होता. आजच्या कामाला लागेल तेवढंच पेटणारं सामान आत न्यायचं, आणि उरलेलं संध्याकाळी कोठीत परत आणायचं. आता परत येणाऱ्या डब्यांची दशा काय वर्णावी! कुणाचं लेबल तेलाने सुटलेलं, कुणाचं काळंठिक्कर पडलेलं. ज्याच्यावर नाव नाही ते गपगुमान बादच्या पिंपात ओतायचं, असंही नियमात होतंच. पण अर्धा डबा चांगला माल ओतून द्यायला कुणाचं मन होतं? आणि घरचं नाक असताना गरज काय? कोठीवाला झाकण उघडायचा, डब्यावरची हवा हाताने आपल्याकडे ओढायचा आणि म्हणायचा, "धुण्याचं तेल." किंवा, "डिझेल. पण जुनं." मग खडूने डब्यावर तसं लिहायचा आणि डबा मांडणीवर ठेवायचा.

रंगारी तर इतके सोकावले होते, की दोन खेपा नकोत म्हणून उरलेलं थिनर समोर दिसेल त्या डब्यात ओतून मोकळे व्हायचे. कोठीवाला झाकण उघडताच ओरडायचा, "पुन्हा मिसळलंस?" रंगारी दात काढायचा. चूक पकडणारा बसलाय म्हटल्यावर चूक करायला कुणी भीत नाही, माणसाची जातच तशी. वरून साहेबलोक तपासणीला आले की त्यांनाही कोठीवाल्याचा खेळ दाखवला जाई. डोळ्यांवर रुमाल, समोर ओळीने डबे. तो एकेक नाव सांगत जायचा आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. ज्यांनी नियम पाळला की नाही ते बघायला यायचं, तेच नियम मोडायच्या युक्तीला टाळ्या देऊन जायचे. यंत्रघरातली पोरं त्याला नाकेश्वर म्हणायची. तो वरवर चिडायचा आणि आतून फुलायचा. जगात त्याच्याकडे मान वर करावी असं दुसरं काही नव्हतंच.

म्हणजे एक होतं. धाकटा भाऊ. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा हा भाऊ हाफ चड्डीतला. कोठीवाल्याने आणि त्याच्या बायकोने त्याला वाढवला. स्वतःचं मूल त्यांना झालं नाही, आणि धाकट्याच्या खोड्या निस्तरता निस्तरता ते फारसं जाणवलंही नाही. मोठा झाल्यावर कोठीवाल्याने साहेबांच्या हातापाया पडून त्याला यंत्रघरात फिटर म्हणून चिकटवला. लग्न लावून दिलं. केंद्राच्या वसाहतीत दोन खोल्या यांच्या, दोन त्यांच्या, आणि मध्ये एक दार, जे कधी बंद झालं नाही. दोघी जावा सख्ख्या बहिणींसारख्या राहायच्या, म्हणजे दिवसातून दोनदा भांडायच्या आणि तिसऱ्यांदा एकमेकींची वेणी घालायच्या.

मग वसाहतीत तापाची साथ आली. घरोघर माणसं अंथरुणाला खिळली आणि घरोघर उठलीही. कोठीवालाही उठला. उठून स्वयंपाकघरात बसला होता. बायको बाहेर कपडे वाळत घालत होती, ती धावत आत आली.

"अहो, दूध करपून कोळसा झालं! समोर बसलाय ना तुम्ही? वास नाही आला?"

"लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

लक्ष होतं. तो दुधाकडेच बघत होता. बायको गेल्यावर त्याने करपलेलं पातेलं उचलून नाकाला लावलं. मग साबण. मग कांदा फोडला. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, नाकात चुरचुरलं, पण कांदा आला नाही.

आधी त्याला वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा आहे, येईल परत. मग वाटलं, थंडी सरली की येईल. थंडी सरली, उन्हं तापली, आणि नाक होतं तिथेच चेहऱ्याच्या मधोमध होतं, फक्त घरात कुणी राहत नसल्यासारखं.

एक दिवस धाकट्याच्या बायकोने, धाकटीने, भाजी केली. तेल खवट होतं, तिच्या लक्षात आलं नाही. पहिल्याच घासाला धाकट्याने तोंड वाकडं केलं आणि घास थुंकला. कोठीवाल्याच्या बायकोने ताट बाजूला सारलं. कोठीवाला मात्र मान खाली घालून जेवत राहिला, आणि वर म्हणाला, "अजून थोडी वाढ गं." धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दादांसारखं माणूस शोधून सापडायचं नाही," असं तिने वसाहतभर सांगितलं. "माझं मन राखायला खवट भाजी मागून मागून खाल्ली हो."

बायको मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पदराआड काहीतरी धरून त्याच्या नाकाशी नेलं.

"सांगा काय आहे."

त्याने पदराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

तिने पदर काढला. रॉकेलची बाटली होती.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आजच्या आज साहेबांना सांगा."

"सांगून काय करू? फाटकावर बसू? येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकत?" त्याचा आवाज चढला, आणि लगेच पडला. "अगं, नाक सोडलं तर माझ्यात आहे काय? मला कोण ओळखतं?"

"मी ओळखते की."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, आणि त्या वेळी त्याने ते ऐकायला हवं होतं. पण नवऱ्यांना बायकोची ओळख पुरत नाही. "उद्या सांगतो," तो म्हणाला. ती रोज विचारायची आणि तो रोज उद्या म्हणायचा. शेवटी तिने विचारणं सोडलं. त्याचा तिला पुढे जन्मभर पश्चात्ताप होत राहिला.

एक वाट शिल्लक होती. नाव नसलेला डबा सरळ बादच्या पिंपात ओतायचा. कोण विचारणार होतं? पण सगळेच विचारणार होते. "काय काका, हल्ली फार ओतता?" त्यापेक्षा त्याने बोटं कामाला लावली. थिनर बोटावर गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. धुण्याचं तेल बुळबुळीत राहतं. डिझेल त्याहून चिकट. लोकांना दिसायला तो पूर्वीसारखीच हवा नाकाकडे ओढायचा, आणि झाकण बंद करता करता बोट बुडवून घ्यायचा. महिने गेले. एकही डबा चुकला नाही. त्याला तर वाटू लागलं, की नाक म्हणजे नुसतं कौतुक होतं, खरं ज्ञान बोटातच होतं. बुडत्याला काडीचा आधार असतो हे खरं, पण ती काडी हातात धरून तो पोहायला शिकल्याचं सांगू लागला, तर त्याला काय म्हणावं?

त्या संध्याकाळी कंत्राटी रंगाऱ्यांचा शेवटचा दिवस होता. त्यांची घाई चालली होती. एकाने उरलेलं थिनर धुण्याच्या तेलाच्या अर्ध्या डब्यात ओतलं, डबा कोठीच्या उंबऱ्याशी ठेवला आणि तो गाडी पकडायला पळाला. रोजचीच गोष्ट. पूर्वीचं नाक असतं तर झाकण सुटण्याआधीच कोठीवाला ओरडला असता. आता त्याने बोट बुडवलं. बोट बुळबुळीत लागलं. थोडंसं गार लागलं का? लागलं असेल. संध्याकाळच गार होती. त्याने खडू घेतला आणि डब्यावर लिहिलं, धुण्याचं तेल.

सकाळी तो डबा न्यायला धाकटाच आला.

"दादा, संध्याकाळी तुझ्याकडेच जेवतो रे. तिने परत भाजी केलीय."

दोघेही हसले. धाकटा डबा हलवत, शीळ घालत यंत्रघराकडे गेला. कोठीवाला त्याच्या पाठीकडे बघत राहिला, रोज बघायचा तसा.

एक यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं. धाकट्याने त्याच्या झडपा तबकात मांडल्या, वर डब्यातलं तेल ओतलं आणि ब्रशने धुवायला घेतल्या. धुण्याचं तेल सहसा पेटत नाही, म्हणूनच तर ते तिथे वापरायची परवानगी असते. थिनरची गोष्ट वेगळी. त्याची वाफ जमिनीलगत सरपटत जाते आणि ऊब शोधते. शेजारचं यंत्र चालू होतं, त्याचा धूर सोडणारा नळ तापून लाल होता. यंत्रघरातल्या इतरांना वास आला नसेल का? आला असेलही. पण खडूचं अक्षर काकांचं होतं, मग शंका कोण घेणार?

गॅस आपोआप बंद झाला, केंद्र वाचलं. आगही लगेच विझवली. जळालं ते एक तबक, एक ब्रश आणि धाकटा. तो काही दिवस दवाखान्यात होता. बोलायचा नाही. कोठीवाला खाटेजवळ बसायचा. नर्स नाकाला रुमाल लावून खोलीत यायची आणि त्याच्याकडे आश्चर्याने बघायची, की हा माणूस इथे रुमालाशिवाय कसा बसतो. धाकटी दाराबाहेर बाकावर बसून असायची. एका सकाळी नर्सने तिला आत बोलावलं, आणि मग सगळं संपलं.

चौकशी झाली. डब्यात उरलेल्या तेलात थिनर सापडलं. ते आलं कुठून हे ठरवायला मोठ्या साहेबांना फार वेळ लागला नाही. "डबा कोठीतून जाण्याआधी काकांनी तपासला होता," ते म्हणाले. "काकांच्या नाकाखालून थिनर कधी सुटलंय का?" सगळ्यांनी माना हलवल्या, कधीच नाही. "म्हणजे कोठीतून तेलच गेलं. पुढे काम लवकर उरकावं म्हणून त्यानेच थिनर मिसळलं असणार. पोरं करतात असं." निष्काळजीपणा मृताचाच ठरला. आणि मृताचा निष्काळजीपणा म्हटल्यावर त्याच्या बायकोला केंद्रावर नोकरी मिळायची नव्हती, आणि खोल्या रिकाम्या कराव्या लागणार होत्या.

कोठीवाल्याने हे ऐकलं आणि तो तसाच उठून मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. बायकोला बरोबर घेऊन गेला. त्याला आता फाटक नको होतं, मान नको होता, काही नको होतं. धाकट्याच्या माथ्यावरचा आळ तेवढा काढायचा होता.

"साहेब, मला वास येत नाही. तापापासून येत नाही. मी बोटाने ओळखत होतो. चूक माझी आहे."

साहेबांनी चष्मा काढला.

"काका, बसा आधी."

"मी खरं सांगतोय. हिला विचारा."

"खरं आहे साहेब," बायको म्हणाली. "मला माहीत होतं."

"काकू, तुम्ही दोघांनी त्याला मुलासारखं वाढवलं, आम्हाला ठाऊक आहे," साहेब हळूच म्हणाले. "पण काका, तापानंतर वर्षभर तुमचा एक डबा चुकला नाही. सगळं केंद्र साक्ष आहे. भावाचं नाव राखायला तुम्ही स्वतःच्या नाकावर सुरी ठेवताय."

"मग तपासा मला!"

साहेबांनी माणूस पाठवून प्रयोगशाळेतून एक बाटली मागवली. कोठीवाल्याला डोळे मिटायला सांगितले. बूच काढून बाटली त्याच्या नाकाशी धरली. पुढच्या क्षणी त्याचं डोकं फटका बसल्यासारखं मागे गेलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाटलीत अमोनिया होता.

चौकशीचे बाकीचे लोक तिथेच होते, त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने नजर वळवली.

"साहेब, हा वास नाही," कोठीवाला डोळे पुसत ओरडला. "हे झोंबणं आहे! मिरची झोंबते तसं. कांदा झोंबतो तसं. आंधळ्याच्या डोळ्यांत धूर गेला तर झोंबत नाही का?"

"हो काका, हो." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावासाठी माणूस काय काय करतो."

आपल्याला वास येतो हे त्याने जन्मभर डोळे बांधून सिद्ध करून दाखवलं होतं. वास येत नाही हे सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट केंद्रभर झाली. काकांनी भावासाठी आळ अंगावर घ्यायचा प्रयत्न केला म्हणून त्याची मान आणखीच उंचावली. पोरांनी नाकेश्वर म्हणणं सोडलं. तो दिसला की ती उठून उभी राहू लागली. याहून त्यांनी दगड मारले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी एक फिटर बिननावाचा डबा घेऊन आला. "काका, हे जरा बघा ना," अदबीने म्हणाला. कोठीवाल्याने झाकण उघडलं आणि सगळा माल बादच्या पिंपात ओतला. "अहो, चांगला होता की!" फिटर कळवळला. मग त्याला वाटलं दुःखाने म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही, आणि तो निघून गेला.

धाकटी सामान बांधत होती. माहेरी, आपल्या भावाच्या घरी जाणार होती. कोठीवाला मधल्या दारात येऊन उभा राहिला. ती उठली आणि त्याच्या पायांशी वाकली.

"दादा, कळलं मला तुम्ही साहेबांकडे जाऊन काय बोललात ते. माझ्यासाठी एवढं खोटं..."

"खोटं नाही पोरी."

"असू दे. मी सगळ्यांना सांगेन, माझ्या दादांनी..."

"खोटं नाही गं!"

ती थांबली. मग डोळे पुसून ट्रंकेकडे वळली आणि कपड्यांच्या खालून धाकट्याचा एक सदरा काढला. आगीच्या आदल्या दिवशी घालून खुंटीला अडकवलेला. तिने तो धुतला नव्हता.

"हा घ्या. अर्धा हक्क तुमचाही आहे," ती म्हणाली. "अजून त्यांचा वास येतो याला. मला झोप लागत नाही तेव्हा मी तोंडाशी धरते. घ्या ना, बघा."

त्याने सदरा दोन्ही हातांत घेतला. हा पोरगा लहानपणी तापाने फणफणला की त्याच्याच कुशीत झोपायचा. त्याच्या केसांचा वास, घामाचा वास, पुढे यंत्रघरातून आलेला वंगणाचा वास, सगळे त्याला तोंडपाठ होते. त्याने सदऱ्यात तोंड खुपसलं. श्वास घेतला. पुन्हा घेतला. छाती भरून, जीव जाईपर्यंत घेतला. कापड गालाला खरबरीत लागलं. बाकी काही नाही. नुसती हवा.

त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज फुटला. "येत नाही गं. काहीच येत नाही."

धाकटी त्याच्याकडे बघत होती. साहेबांना बाटलीने जे कळलं नाही, ते तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"ती भाजी," ती म्हणाली. "खवट झालेली. तुम्ही माझं मन राखायला खाल्ली नव्हती."

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि तो डबा."

धाकटीने त्याच्या हातातून सदरा काढून घेतला. ओढला नाही, नुसता काढून घेतला, आणि घडी घालून ट्रंकेत सगळ्यांत खाली ठेवला. मग तिने मधलं दार लोटलं. इतक्या वर्षांत कुणी ते लावलं नव्हतं, त्यामुळे कडी गंजून बसली होती. ती लागेपर्यंत धाकटी आतून जोर लावत राहिली, आणि तो अलीकडे उभा राहून ऐकत राहिला.